काचघरातला बॅकअप

आमच्या धंद्यात एक नियम सगळ्यांना पाठ असतो आणि पाळतात फार कमी जण. बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं, तो एकदा तरी रिस्टोर करून बघायचा असतो. ज्या टेपवरून काहीच परत आणता येत नाही ती टेप म्हणजे कपाटात जपून ठेवलेली एक गोड समजूत!

आता याचा किडे खाणाऱ्या झाडांशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तर गेले काही शनिवार-रविवार मी घटपर्णीचा (म्हणजे पिचर प्लांटचा) इतिहास वाचतोय आणि राहून राहून हाच नियम आठवतोय. जगभरच्या वनस्पती उद्यानांतली काचघरं आज या झाडांचा बॅकअप आहेत. पण हा बॅकअप कोणी घेतला, कसा घेतला, आणि त्यातून नक्की काय परत आणता येईल? गोष्ट पावणेदोनशे वर्षांची आहे, तेव्हा जरा सवडीने सांगतो.

आधी झाडाची ओळख. भारतात घटपर्णीची एकच जात रानात सापडते, नेपेन्थिस खासियाना. मुक्काम मेघालय, गारो, खासी आणि जयंतिया टेकड्या. हिच्या पानाच्या टोकातून एक तंतू निघतो आणि त्याच्या शेवटी झाकणासकट एक छोटी सुरई तयार होते. बरेच जण तिला फूल समजतात, पण ते पानच. झाकणाखाली मध, तोंडाची कड ओली झाली की निसरडी, आतल्या भिंतीला मेणाचा थर, आणि तळाशी पाचक रस. मुंगी मधाच्या आशेने येते, पाय घसरतो, खेळ खलास. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मुख्यतः नायट्रोजनसाठी. जिथे माती इतकी निकस असते की मुळांना काही मिळत नाही, तिथे या झाडांनी ही दुसरी सोय करून ठेवली आहे. खासी लोक हिला म्हणतात ‘तिएव राकोत’, राक्षसाचं फूल. गारो लोक म्हणतात ‘मेमांग कोक्सी’, भुताची टोपली. आणि लिनियसने ‘नेपेन्थिस’ हे नाव घेतलं ते होमरच्या महाकाव्यातल्या, दुःख विसरायला लावणाऱ्या औषधावरून. एकाच झाडाला एकीकडे भूत दिसलं आणि दुसरीकडे दुःखावरचा उतारा. असो.

एक गोष्ट मात्र आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. घटपर्णीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. पपईसारखं.

आता लंडनला जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांबच्या देशातलं झाड युरोपात जिवंत नेणं हा जुगार होता. खारा वारा, गोड्या पाण्याची टंचाई, अंधारी तळघरं.. चीनहून निघालेल्या हजार झाडांतलं एखादंच इंग्लंडात जिवंत पोचतं, असा अंदाज जॉन लिव्हिंग्स्टन नावाच्या डॉक्टरने १८१९ मध्ये लिहून ठेवला होता. हे गणित बदललं आणखी एका डॉक्टरने. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या धुरकट पूर्व भागात राहायचा. १८२९ च्या सुमारास त्याने एका बंद बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोष ठेवला होता. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण त्या मातीत आपसूक एक नेचा उगवला आणि पाणी न घालता वाढत राहिला! मातीतून उडालेली वाफ काचेवर गार होते आणि परत मातीत येते, इतकं साधं तत्त्व. वॉर्डने काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि १८३३ मध्ये दोन पेट्या भरून जहाजाने सिडनीला पाठवल्या. झाडं जिवंत पोचली. परतीच्या प्रवासात तिकडची झाडं भरून आली, तीही जिवंत. पुढे याच पेट्यांतून चीनचा चहा हिमालयाच्या पायथ्याशी आला आणि दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीत. म्हणजे आपण सकाळी जो कप तोंडाला लावतो त्यात वॉर्डच्या बाटलीचाही थोडा वाटा आहे.

वाहतुकीचा प्रश्न सुटला, राहता राहिलं घर. ब्रिटनमध्ये काचेवर कर होता, तो १८४५ मध्ये रद्द झाला आणि काच एकदम आवाक्यात आली. क्यू इथल्या सरकारी उद्यानात १८४८ मध्ये लोखंड आणि काचेचं भलंमोठं पाम हाऊस उभं राहिलं. श्रीमंतांच्या बंगल्यामागे काचघर असणं हा मानाचा भाग झाला. कोळशावर पाणी तापवायचं, ते नळांतून खेळवायचं, आणि बाहेर बर्फ पडत असताना आत बोर्निओ उभं करायचं. आणि एवढं सगळं उभं केल्यावर आत ठेवायला काहीतरी अजब हवंच की. मग ऑर्किड आणि घटपर्णीपेक्षा अजब काय असणार?

इथे गोष्ट मेघालयात येते. १८५० मध्ये जोसेफ डाल्टन हुकर आपला मित्र थॉमस थॉमसनबरोबर खासी टेकड्यांत काही महिने राहिला. (क्यूचे संचालक तेव्हा हुकरचेच वडील होते.) हुकर उत्तम निरीक्षक आणि प्रामाणिक लेखक. त्याने आपल्या प्रवासवर्णनात एक हिशेब देऊन ठेवलाय, तो वाचून मी थबकलो. व्हॅन्डा सेरुलिया नावाचं निळं ऑर्किड त्यांनी क्यूसाठी गोळा केलं, किती? तर सात माणसांची ओझी! त्यातली फारच थोडी रोपं इंग्लंडात जिवंत पोचली. एका गृहस्थाने जागा बघून घ्यायला आपला माळी त्यांच्याबरोबर पाठवला होता. त्याने एकच ओझं पाठवलं. तेही खराब अवस्थेत पोचलं, तरी ३०० पौंडांना विकलं गेलं, एकेका रोपाला ३ ते १० पौंड. आता विचार करा, ही बातमी फुटल्यावर त्या टेकड्यांवर कोण कोण गेलं असेल.

या ओझ्यांचा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो चोराने लिहिलेला नाही. तो त्या काळच्या सर्वोत्तम वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एकाने, सरकारी उद्यानासाठी केलेल्या कामाचा हिशेब आहे. बॅकअप घेताना मूळ डिस्कच खरवडली जात होती आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. रान अमर्याद आहे, हे गृहीतच होतं. आपल्या घटपर्णीला ‘खासियाना’ हे शास्त्रीय नाव याच हुकरने १८७३ मध्ये दिलं.

घटपर्णीच्या वेडाचं मुख्य केंद्र होतं व्हीच या कुटुंबाची रोपवाटिका. त्यांचे वनस्पती-संग्राहक पगारी होते. थॉमस लॉब १८४३ पासून त्यांच्यासाठी आशियात हिंडत होता. त्यांच्याच जॉन डॉमिनी नावाच्या माळ्याने घटपर्णीच्या दोन जातींचा संकर करून १८६२ मध्ये पहिली संकरित घटपर्णी लोकांपुढे आणली. मग संकरांची लाटच आली. आणि मॅरिएन नॉर्थची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. ही चित्रकार बाई १८७६ मध्ये सारवाकला गेली आणि तिने एका थोराड घटपर्णीचं चित्र काढलं. चित्र लंडनला आलं, व्हीचने बघितलं, आणि केवळ त्या चित्राच्या भरवशावर चार्ल्स कर्टिसला ते झाड शोधायला पाठवलं. त्यानेही ते चुनखडीच्या कड्यांवर शोधून काढलं! हुकरने १८८१ मध्ये त्याला नाव दिलं नेपेन्थिस नॉर्थियाना.

या सगळ्यातून विज्ञान पुढे गेलं नाही असं मात्र नाही. हुकरने १८७४ मध्ये बेलफास्टच्या भाषणात घटपर्णी खरोखर पचन करते याचे प्रयोग सांगितले. तिच्या रसात त्याने अंड्याचा पांढरा भाग आणि मांसाचे तुकडे टाकून बघितले होते. डार्विनचा कीटकभक्षी वनस्पतींवरचा ग्रंथ पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये आला. काचघर हाताशी नसतं तर हुकरचे प्रयोग लंडनमध्ये झालेच नसते. तेव्हा काचघर म्हणजे नुसती लूट, असं म्हणून मोकळं होता येत नाही.

पण बॅकअप म्हणून त्याची अवस्था काय होती? याचं उत्तम उदाहरण म्हणजे नेपेन्थिस राजा. (नाव खरंच ‘राजा’ आहे, सारवाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक याच्यावरून ठेवलेलं.) बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची ही घटपर्णी, सुरई एवढी मोठी की दोन-अडीच लिटर पाणी मावावं. व्हीचसाठी फ्रेडरिक बर्बिज १८७८ मध्ये किनाबालूवर गेला आणि पुढे ही जात इंग्लंडात वाढू लागली. झाड साधारण दीड हजार ते अडीच हजार मीटर उंचीवरचं. तिथे रात्री चांगल्याच गार. आणि इकडे ‘उष्ण कटिबंधातलं झाड’ म्हटलं की कोंदट, गरम काचघर हा ठरलेला हिशेब! १९०५ पर्यंत व्हीचकडची राजा संपली. डब्लिनजवळच्या ग्लास्नेविन उद्यानात एक टिकून होती, तीही नंतर गेली. पुन्हा ही जात लागवडीत यायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. १९१४ मध्ये व्हीचची लंडनमधली रोपवाटिकाच बंद झाली. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, कोळसा आणि माळी दोन्ही मिळेनात, आणि युरोपभरातली घटपर्णीची काचघरं एकामागून एक थंड पडली. ज्या कोळशावर ते कृत्रिम बोर्निओ चालू होतं, तोच संपला.

खासियाना मात्र काटक निघाली. गारवा-उकाडा दोन्ही बऱ्यापैकी सहन करते, फांदीच्या तुकड्यापासून लागते. आज जगातल्या कितीतरी उद्यानांत ती आहे.

मधल्या काळात काचघराची भूमिका बदलली. रान अमर्याद नाही हे उशिरा का होईना कळलं. साइट्स हा वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू झाला. त्याच्या सर्वांत कडक यादीत, म्हणजे पहिल्या परिशिष्टात, नेपेन्थिस राजा १९८१ मध्ये आणि खासियाना १९८७ मध्ये गेली. भारताच्या वन्यजीव कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींसाठी सहावी अनुसूची जोडली गेली (२०२२ मध्ये या अनुसूचींची फेररचना झाली). त्या मूळ यादीत उभ्या भारतातल्या फक्त सहा वनस्पती होत्या. त्यातली एक खासियाना, आणि दुसरी कोण? तर तेच निळं ऑर्किड, व्हॅन्डा सेरुलिया! ज्याची सात ओझी १८५० मध्ये वाहिली गेली, ते एकशे चाळीस वर्षांनी कायद्याच्या आसऱ्याला आलं.

या ऑर्किडची पुढची गोष्ट बऱ्यापैकी आशादायक आहे. काचघरांत बियांपासून त्याची इतकी रोपं तयार व्हायला लागली की बाजाराला रानातल्या झाडांची गरजच फारशी उरली नाही. साइट्सने २००४ च्या परिषदेत त्याला पहिल्या परिशिष्टातून दुसऱ्यात आणलं. म्हणजे काचघराचा एक खरा उपयोग हा: हौशी माणसाला रोप हवंय ना, ते इथून घे, डोंगरावर जाऊ नको.

घटपर्णीसाठी हेच काम केरळात झालं. तिरुवनंतपुरमजवळ पालोडला १९७९ मध्ये स्थापन झालेलं एक मोठं वनस्पती उद्यान आणि संशोधन संस्था आहे. आता तिला जवाहरलाल नेहरूंचं नाव आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खासियानाची रोपं ऊतिसंवर्धनाने, म्हणजे टिश्यू कल्चरने, वाढवायची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. खोडाचा पेराचा तुकडा निर्जंतुक बरणीत वाढवायचा, बगलेतले कोंब फुटू द्यायचे, मुळं आली की हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करायची. याच संस्थेने २०१३ मध्ये दाखवलं की घटपर्णीच्या सुरईची कड अतिनील प्रकाशात निळी चमकते, आणि ती चमक झाकली की किडे अडकण्याचं प्रमाण फार घटतं. झाड हाताशी होतं म्हणून हे कळलं.

झालं तर मग, बॅकअप आहे! नाही, जरा थांबा.

समजा एका मादी झाडापासून हजार रोपं केली. काचघर हिरवंगार दिसेल, पण हिशेबात ते एकच झाड आहे, हजार वेळा कॉपी केलेलं. एका रोगाला जे बळी पडेल त्याला सगळीच पडतील. आणि नर नसेल तर बी नाही. याचं टोकाचं उदाहरण क्यूमध्ये आहे. घटपर्णी नव्हे, दक्षिण आफ्रिकेतलं सायकॅड, एन्सेफलार्टोस वुडी. १८९५ मध्ये रानात याचं एकच झुपकं सापडलं, नर. मादी आजवर कोणाला सापडलेली नाही. जगभरच्या उद्यानांत आज ते दिमाखात उभं आहे आणि त्यातलं प्रत्येक झाड त्याच एका नराची प्रत. मेलेलं नाही, पण पुढची पिढीही नाही.

घटपर्णीत आणखी एक भानगड. तिच्या जाती आपसात सहज संकर करतात. डोंगरावर ज्या जाती एकमेकींना कधी भेटल्याच नसत्या, त्या काचघरात एकाच बाकावर शेजारी. निष्काळजीपणे धरलेलं बी म्हणजे करप्ट झालेली फाइल. उघडते, पण आत भलतंच. बी साठवून ठेवावं तर ते थोड्याच काळात उगवण्याची ताकद गमावतं, धान्यासारखं वर्षानुवर्षं कोठारात राहत नाही. आणि रानातल्या सुरईत नुसता रस नसतो. त्यात डासांच्या काही जातींच्या अळ्या आणि इतर बारीकसारीक जीव सुखाने राहतात. काचघरातल्या सुरईत ते गाव वसत नाही. झाडाची प्रत घेतली, पण त्याचे शेजारी राहूनच गेले.

म्हणून चांगल्या उद्यानातला माळी कुंडीइतकीच वही जपतो. कुठल्या टेकडीवरून आणलं, कधी, नर की मादी, कोणाचं बी, कोणाची फांदी. पाणी पावसाचं किंवा क्षार काढलेलं (नळाच्या क्षारांनी ही झाडं खंगतात), खत जवळपास नाहीच, हे सगळं शिकता येतं. वही हरवली तर मात्र ती कुंडी नुसती शोभेची.

आता मूळ प्रश्न, रिस्टोर. कोणी करून बघितलंय का? बघितलंय, अमेरिकेत. जॉर्जिया राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या दलदलींत सॅरासेनिया ही तिकडची घटपर्णी वाढते. वणवे विझवायची पद्धत पडली, झुडपं माजली, सावली झाली, ओल गेली, आणि झाडं मोजकीच उरली. १९९५ मध्ये तिथली उद्यानं आणि वनखाती एकत्र आली. अटलांटाच्या वनस्पती उद्यानाने रानातल्याच बियांपासून, कुठल्या दलदलीचं बी कुठलं याची नोंद ठेवून, काचघरात रोपं वाढवली आणि परत नेऊन लावली. पण लावण्याआधी काय केलं? दलदल मोकळी केली. झुडपं तोडली, जमेल तिथे बंदोबस्तात आग लावली. रोप तयार करण्यापेक्षा जागा तयार करणं हे मोठं काम निघालं. ज्यांनी कधी सर्व्हर परत उभा केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. डेटा असतो हो, मशीन कुठे असतं?

खासियानाचं मशीन म्हणजे मेघालयातल्या टेकड्या. तिथे बाघमाराजवळ घटपर्णीसाठी राखलेलं अभयारण्य आहे, १९८४ मधलं. क्षेत्रफळ ०.०२ चौरस किलोमीटर! म्हणजे दोन हेक्टर, पाच एकर. पुण्या-हिंजवडीतल्या कंपन्यांची पार्किंगं याहून मोठी असतात. बाकीची झाडं त्याबाहेर आहेत, जिथे फिरती शेती आहे, रस्ते आहेत, विक्रीसाठी रोपं उपटणारे आहेत, आणि कोळशाच्या खाणी आहेत. तिथल्या उंदराच्या बिळांसारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली, तरी बेकायदा उत्खननाच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. म्हणजे बघा, विलायतेतली काचघरं बंद पडली कोळसा मिळेना म्हणून, आणि इकडे डोंगर पोखरले गेले कोळसा मिळतो म्हणून.

त्यात मेघालयातली बहुतेक जमीन सरकारची नाहीच, ती कुळांची आणि गावांची आहे. दिल्लीहून अधिसूचना काढून टेकडी वाचत नाही. पण याच व्यवस्थेत एक जुनी ताकदही आहे. खासी गावांनी आपल्या ‘लॉ किंतांग’, म्हणजे आपल्याकडच्या देवराया, पिढ्यान् पिढ्या जपल्या आहेत. माओफ्लांगची देवराई प्रसिद्धच आहे. तिथून काही उचलायचं नाही, वाळलेलं पानसुद्धा नाही, असा दंडक. १८५० मध्ये सात ओझी भरली जात असताना हा नियम तिथेच होता, विचारणारं कोणी नव्हतं.

मला विचाराल तर काचघरं हवीतच, उलट जास्त हवीत. पण त्यांच्या भरवशावर डोंगर सोडून देता येणार नाही. आपल्याकडेही पावसाळ्यात कासच्या पठारावर सीतेची आसवं फुलतात. त्या इवल्या जांभळ्या फुलांचं झाडही किडे खाणारं, ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या लावून बसलेलं. ते तुम्ही कुंडीत वाढवालही कदाचित. पण जांभ्या दगडावरचा दोन बोटं मातीचा थर आणि त्यावरून चार महिने झिरपणारं पाणी कुठल्या कुंडीत भरणार?

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या उद्यानाच्या काचघरात घटपर्णी दिसली तर फोटो जरूर काढा, पण शेजारची पाटीही वाचा. नुसतं नाव आहे की गावही लिहिलंय? आणि तिथल्या माळ्याला सहज विचारा, ही नर की मादी. त्याला उत्तर माहीत असेल तर त्या काचघरात बॅकअप आहे असं समजायला हरकत नाही.